परदेशातलं स्थळ आणि मधला माणूस : बडोद्याच्या मराठी घरांतून वारंवार येणारे प्रश्न

बडोद्यात परदेशच्या स्थळांचा हंगाम असतो, आंब्यासारखा. नोव्हेंबरअखेर मुलं उतरायला लागतात. कमुरतां, म्हणजे लग्नं न करण्याचा महिना, लागण्याआधी, डिसेंबरच्या मध्यापर्यंत, हॉल मिळाला तर बरं; नाहीतर उत्तरायण झालं की लगेच. फेब्रुवारीत मुलं परत जातात आणि एप्रिलपासून आमचे फोन वाजायला लागतात. आम्ही तिघीचौघी आहोत. एक वकील, बाकीच्या नोकरीतून निवृत्त. अशा लग्नांबद्दल सल्ला द्यायला शनिवारी दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात बसतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कुणाचं प्रकरण ओळखू येईल असं इथे काही ठेवलेलं नाही.

१. दलालामार्फत झालेलं लग्न म्हणजे काय? आत्याबाईंनी सुचवलेलं स्थळही त्यात येतं का?

स्थळ सुचवणं म्हणजे दलाली नव्हे. आत्याबाई स्थळ सुचवतात तेव्हा लग्न बिनसलं तर पुढची वीस वर्षं प्रत्येक केळवणात त्यांना त्याचं उत्तर द्यावं लागतं. दलालाचं तसं नसतं. लग्न लागलं की त्याचे पैसे मिळाले, पुढे काय झालं याच्याशी त्याचा संबंध नाही. फरक ओळखायची आमची साधी खूण : मधल्या माणसाला घाई आहे का? दलाल खरं तर घाईच विकत असतो. ‘मुलगा अठरा तारखेला परत जातोय’, ‘आणखी दोन घरं बघतायत’ हे त्याचं ठरलेलं बोलणं. वधुवर सूचक मंडळ, संकेतस्थळ, कन्सल्टन्सीच्या पाटीखाली बसलेला एजंट, यांतला कुणीही दलाल असू शकतो. आणि खेदाने सांगतो, कधीकधी आत्याबाईही.

२. मुलगा तीन आठवड्यांसाठी येतोय. एवढ्या वेळात तपासायचं काय?

तीन आठवडे मुलगा येण्याची वाट बघण्यात घालवू नका. तो विमानात बसण्याआधीच पुढचे कागद मागा : पासपोर्टची सगळी पानं, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, पगाराचा आणि कर भरल्याचा कागद (अमेरिकेत डब्ल्यू-२, ब्रिटनमध्ये पी-६०), राहत्या घराचा करार. आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत. ‘तोंडी सांगितलंय, मुलगा साफ मनाचा आहे’ हे आम्ही बरेचदा ऐकलंय. अमेरिकेत लग्न आणि घटस्फोटाच्या नोंदी बऱ्याच काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) कुणालाही मागता येतात. नाव, जन्मतारीख आणि काउंटी माहीत हवी.

नोकरीची खात्री करताना मुलाने दिलेल्या नंबरवर फोन करू नका, कंपनीचा नंबर स्वतः शोधा. राहतो त्या गावात महाराष्ट्र मंडळ असेल तर तिथे एक फोन लावा. मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाबद्दल बोलायला फार आढेवेढे घेत नाही. आणि मुलीला त्याच्याशी एकटीला बोलू द्या. मागे आई ‘विचार ना त्याला स्वयंपाक येतो का’ म्हणत उभी नको. मुलीने त्याला विचारायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत : घरात आणखी कोण राहतं, माझं बँकेत खातं असेल का, मला नोकरी करता येईल असा व्हिसा आहे का (हे का विचारायचं ते प्रश्न ७ मध्ये).

३. इतके कागद मागितले तर स्थळ हातचं जाईल की.

जाईल. जाऊ द्या. गाडी विकत घेताना आर. सी. बुक मागितल्याबद्दल कुणी रुसत नाही. चांगल्या घरचा मुलगा कागद लगेच देतो आणि तुमच्याकडूनही मागतो. तोही हक्क आहेच.

४. एजंट म्हणतो, आत्ता नोंदणी करून सर्टिफिकेट घ्या, व्हिसाची फाइल लावू. विधी पुढच्या वर्षी थाटात करू. करावं का?

करू नका. गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न हाच.

हिंदू विवाह कायदा, १९५५ मधल्या कलम ७ नुसार लग्न विधींनी लागतं आणि जिथे सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर ते पूर्ण होतं. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे, नोंदणीने लग्न लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात हे स्पष्ट केलं : विधी झालेच नसतील तर सर्टिफिकेट असूनही ते हिंदू लग्न नाही. व्हिसासाठी अशी आधीच नोंदणी करून घेण्याच्या प्रथेवर न्यायालयाने त्या निकालात नाव घेऊन टीका केली.

याचा फटका मुलीला दोन्ही बाजूंनी बसतो. मुलगा फिरला तर तो म्हणतो, लग्न झालंच नव्हतं, पोटगी कसली? आणि मुलीने दुसरीकडे लग्न ठरवायचं म्हटलं तर सरकारी दप्तरात ती विवाहित. ती नोंद पुसायला कोर्टाच्या पायऱ्या आल्या. शिवाय न झालेले विधी झाले म्हणून नोंदणीच्या अर्जावर सह्या केलेल्या असतात, त्यात साक्षीदार मामा-काकाही अडकतात.

अपवाद एकच, विशेष विवाह कायदा, १९५४. त्यात विवाह अधिकाऱ्यासमोर झालेलं लग्न हेच लग्न, विधींची गरज नाही. पण आधी तीस दिवसांची नोटीस लागते. ज्याला खरोखर नोंदणी लग्न करायचंय त्याने तो रस्ता धरावा. एजंटला हा रस्ता आवडत नाही, कारण तीस दिवस म्हणजे विचार करायला तीस दिवस.

विधी झाल्यावर मात्र नोंदणीत एक दिवसही घालवू नका. गुजरातमध्ये २००६ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. मुलगा उडायच्या आत सर्टिफिकेट मुलीच्या हातात हवं.

५. मध्यस्थाने ‘लग्न जमल्यावर दोन लाख’ असा करार करून घेतलाय. द्यावे लागतील का?

लग्न जमवून देण्याबद्दल मोबदल्याचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध आणि म्हणून रद्दबातल, असंच आपल्या न्यायालयांनी जुन्या काळापासून मानलं आहे. असा करार घेऊन तो कोर्टात गेला तर त्याचंच अवघड आहे. मंडळाची नाव नोंदवण्याची फी ही वेगळी गोष्ट. मात्र धमक्या येत असतील तर पैसे देऊन ‘मिटवू’ नका, पोलिसांत अर्ज द्या.

६. ‘हुंडा नको, फक्त तिकिटाचे आणि व्हिसाचे द्या’ असं म्हणतात. हा हुंडा का?

लग्नाच्या निमित्ताने आणि लग्नासाठी मागितलेलं काहीही हुंडाच, मग त्याला तिकीट म्हणा, घराचं डाउन पेमेंट म्हणा की ‘मुलीच्याच सोयीसाठी’ म्हणा. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे. सोनं मुलीच्या नावाच्या लॉकरमध्ये इथेच ठेवा. परदेशात सासूबाईंच्या कपाटात गेलेलं सोनं परत मिळवताना काय होतं ते आम्ही बघितलंय. प्रत्येक दागिन्याचं बिल आणि रुखवत मांडल्याचे फोटोसुद्धा जपा. स्त्रीधन तिचं आहे, पण ते दिलं होतं हे दाखवता आलं पाहिजे.

७. व्हिसा कुठला आहे याने एवढा काय फरक पडतो? नवऱ्याबरोबर राहणार ना?

फरक पडतो तो नेमका नवऱ्याबरोबर राहणं अशक्य होतं तेव्हा. मारहाण इथेही होते. पण इथे मुलगी रिक्षा करून माहेरी येते. तिकडे दाराबाहेर पाऊल टाकलं तर आपला व्हिसा राहील का हेच तिला माहीत नसतं, आणि नवरा रोज तेच ऐकवतो : ‘एक फोन केला तर तुला परत पाठवतील.’ बरेचदा ते खोटं असतं. म्हणून देशाप्रमाणे समजून घ्या.

अमेरिकेत मुलगा एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असेल तर बायकोला त्याच्या आधारावरचा एच-४ मिळतो. या व्हिसावर तिला आपसूक नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवाना मिळतो, तोही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचली असेल तर. परवाना नाही तर सोशल सिक्युरिटी नंबर नाही. घटस्फोट झाला की व्हिसाचा आधारच जातो. इंजिनिअर मुलगी वर्षानुवर्षं फ्लॅटमध्ये बसून राहते ती यामुळे. तरीही, नवऱ्याकडून छळ होत असेल तर एच-४ वरच्या बायकोला स्वतंत्र नोकरी परवाना मागण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. फार थोड्या जणींना ती माहीत असते.

मुलगा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर चित्र वेगळं. ग्रीन कार्ड मिळतं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं सशर्त मिळतं आणि शेवटच्या ९० दिवसांत अट काढण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. ‘मी सहीच करणार नाही’ ही धमकी इथली. पण छळ झाला असेल तर ती सही नसतानाही एकटी अर्ज करू शकते. छळणाऱ्या अशा नवऱ्याच्या बायकोला ग्रीन कार्डासाठीचा सुरुवातीचा अर्जही त्याच्या नकळत स्वतः करता येतो. आणखी एक : बायकोला नेताना नवरा तिच्या पालनपोषणाचं जे हमीपत्र सरकारला देतो, ते घटस्फोटाने संपत नाही.

ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बाईचा संसार छळामुळे मोडला तर तिला कायमच्या वास्तव्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून त्यात मोठी भर पडली : नवऱ्याने फसवून मायदेशी आणून सोडलेल्या बाईलाही हा अर्ज बाहेरून करता येतो. ‘आजीला बघून येऊ’ म्हणून आणायचं आणि पासपोर्ट घेऊन एकट्याने परत जायचं, या प्रकाराला तिकडच्या कायद्यात आता नाव मिळालंय.

कॅनडाने दोन वर्षं एकत्र राहण्याची अट एप्रिल २०१७ मध्ये काढली. कायम रहिवासी होऊन गेलेल्या मुलीला, ती नवऱ्याबरोबर राहत नाही या कारणाने बाहेर काढता येत नाही.

८. जावयांनी मुलीचा पासपोर्ट ‘सांभाळायला’ घेतलाय. मागावा का?

मागावा. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, जावयांची नव्हे. देत नसतील तर ती जवळच्या भारतीय वकिलातीत तक्रार करू शकते, दुसरा पासपोर्ट किंवा भारतात परतण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र मागू शकते. जाण्याआधीच पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचं सर्टिफिकेट आणि पत्रिका यांचे स्कॅन आईच्या ईमेलवर ठेवा. आईचं ईमेल नसेल तर आजच उघडा.

९. मुलगी फोनवर ‘सगळं छान आहे’ म्हणते, पण मन मानत नाही.

आईचं मन सहसा चुकत नाही. नेहमी स्पीकरवर बोलते का? व्हिडिओत कायम त्याच कोपऱ्यात असते का? स्वतःचा नंबर नाही, हातात पैसे नाहीत? आधीच एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. एका घरात ‘काळ्या मसाल्याचं पार्सल पाठव’ हे वाक्य ठरलं होतं. त्या घरात काळा मसाला कुणी खात नाही. वाक्य आलं की तिच्या गावच्या पोलिसांना तिची विचारपूस करायला सांगता येतं. तो फोन इथून नातेवाइकांनी केला तरी चालतो. न्यूयॉर्कची ‘सखी’, न्यू जर्सीची ‘मानवी’, लंडनची ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी बरीच वर्षं काम करतात.

१०. सगळं परदेशात घडलं, आता मुलगी माहेरी बडोद्यात आहे. तक्रार इथे घेतात का?

घेतात, आणि ‘तिकडे जा’ म्हणून परत पाठवलं तर हे सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या रूपाली देवी निकालात म्हटलंय की छळामुळे घर सोडून बाई जिथे आश्रयाला आली, तिथेही क्रूरतेची तक्रार चालते. हे जुनं ४९८अ कलम. जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचा अर्ज ती तात्पुरती राहते तिथेही करता येतो. पोटगीचा अर्जही इथेच.

एक गुंता : गुन्हा पूर्णपणे परदेशात घडला असेल तर आरोपी भारतीय नागरिक असला तरी खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणून तक्रारीत इथे घडलेलं आधी नीट लिहा : इथे झालेली मागणी, इथे घेतलेले पैसे, इथे आलेले धमकीचे मेसेज.

११. अमेरिकेतून घटस्फोटाचे कागद आलेत. तिकडे जाणं शक्य नाही. लग्न मोडलं का?

घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. १९९१ च्या वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या निकालाप्रमाणे, लग्न ज्या कायद्याखाली झालं त्यातल्या कारणावर आणि त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयानेच दिलेला घटस्फोट इथे धरला जातो. ‘आमचं पटत नाही, नातं संपलंय’ एवढंच कारण अमेरिकेत चालतं. हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही. तुम्ही हजर नव्हता आणि तिकडच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला नव्हता, तर तो हुकूम इथे टिकणं कठीण.

आता अडचणीची बाजू. मुलगी तिकडेच राहत असेल आणि इथल्या कायद्यातल्या कारणावर अर्ज असेल, किंवा तिने तिकडे वकील देऊन लढा दिला, किंवा संमती दिली, तर तोच घटस्फोट इथेही लागू होऊ शकतो. म्हणून उत्तराचं पहिलं पत्र वकिलाकडून लिहून घ्या. ‘आम्हाला अधिकारक्षेत्र मान्य नाही’ हे एक वाक्य त्यात आहे की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आणि इथे हुकूम टिकला नाही तरी तिकडे तो टिकतो; नवरा तिकडे मोकळेपणाने दुसरं लग्न करतो. असं अर्धवट लटकलेलं लग्न घेऊन जगणाऱ्या बायका आमच्याकडे येतात.

१२. नवऱ्याचा पासपोर्ट जप्त होतो म्हणतात. खरं का?

तो भारतीय नागरिक असेल तर होऊ शकतो. न्यायालयाचं वॉरंट किंवा समन्स असताना तो येत नसेल, तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १०(३) खाली जप्तीची कारवाई होते. नागरिकत्व बदललं असेल तर त्याच्या पासपोर्टला आपण हात लावू शकत नाही; मग लुकआउट नोटीस, म्हणजे भारतात उतरला की विमानतळावर अडवणं. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची तीस दिवसांत नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात याहून व्यापक कायदा सुचवला. अहवाल छान आहे. कायदा हवा होता.

१३. नातवाला घेऊन मुलगी परत येऊ शकते का?

याचं उत्तर फोनवर मागू नका. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणून इथली न्यायालयं प्रत्येक वेळी मुलाचं हित बघून ठरवतात. पण अमेरिकेत बापाचा हक्क डावलून मुलाला देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. निघण्याआधी तिकडचा वकील. त्याला पर्याय नाही.

१४. मुलीला आयईएलटीएसमध्ये (परदेशी शिक्षणासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत) चांगले बँड, म्हणजे गुण, आहेत. एक कुटुंब तिची फी भरायला तयार आहे. फक्त कागदावर त्यांच्या मुलाशी लग्न करायचं. तोटा काय?

इथे दलाल उलटा चालतो : विकली जाते ती मुलीची हुशारी. मुलगा जोडीदार म्हणून मागोमाग जातो. मग ‘कागदावरचं’ लग्न खोलीत शिरतं, कारण फी त्यांनी भरलेली असते. नाही म्हणायची सोय राहत नाही. शिवाय कॅनडाने मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांचा वर्क परमिट बराच आवळलाय आणि ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणणं बंद केलंय. एजंट अजून जुनाच हिशेब सांगतात. अमेरिकेत व्हिसासाठीच्या खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, तीही सही करणाऱ्या दोघांना.

१५. मुलीही फसवतात की. त्याचं काय?

फसवतात. मुलग्याच्या घरच्यांनी प्रश्न २ मधली सगळी तपासणी करावी, कागद तेच. व्हिसा ज्याच्या हातात, त्याचा हात वर, हे मात्र आमचं निरीक्षण आहे आणि बहुतेक वेळा तो हात नवऱ्याचा असतो.

१६. बाहेरच्या देशांत दलालांवर कायदा आहे, आपल्याकडे का नाही?

फिलिपिन्सने १९९० मध्ये टपालाने नवरी जुळवण्याच्या धंद्यावर बंदी घातली. अमेरिकेने २००६ च्या जानेवारीत दलालांना बंधनं घातली : लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव तपासा, माणसाची पूर्वपीठिका बाईला कळवा, तिची लेखी संमती आल्याशिवाय तिचा पत्ता देऊ नका. धार्मिक-सांस्कृतिक, नफा न घेणारी पारंपरिक मंडळं त्यातून वगळली आहेत. दक्षिण कोरियात २०१० मध्ये व्हिएतनामहून आलेल्या वीस वर्षांच्या नवरीचा आठव्या दिवशी नवऱ्याने खून केला. त्याला मानसिक आजार होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिथे प्रकृतीची आणि गुन्ह्यांची माहिती आधी देणं दलालांना बंधनकारक झालं.

आपल्याकडे हैदराबादची गोष्ट जुनी आहे. १९९१ मध्ये विमानात रडणाऱ्या लहान मुलीला हवाई सुंदरी अमृता अहलुवालिया यांनी बोलतं केलं; शेजारी बसलेला साठीचा सौदी तिचा ‘नवरा’ होता. २०१७ मध्ये त्याच शहरात ओमान आणि कतारचे आठ नागरिक, दलाल आणि काझी पकडले गेले. तरीही विवाह मंडळ काढायला परवाना लागत नाही. २०१६ मध्ये केंद्राने विवाहविषयक संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या, ओळख तपासा वगैरे. रावपुऱ्यातल्या जिन्याखालच्या ऑफिसला त्या लागू नाहीत.

१७. मुलगी परत आली. लोकांना काय सांगायचं?

परत आली एवढंच सांगा. सयाजीरावांच्या बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदू बायकांना घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळाला, बाकीच्या देशाच्या कितीतरी आधी. त्याच शहरात आपण अजून कुजबुजतो.

१८. मदत कुठे मिळेल, आणि तुमच्याकडे येताना काय आणायचं?

गुजरातमध्ये १८१ अभयम ही बायकांची हेल्पलाइन, चोवीस तास. समुपदेशक गाडी घेऊन घरी येते. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष २००९ पासून आहे. आयोगाची हेल्पलाइन ७८२७१७०१७०. परदेशातल्या तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो.

आमच्याकडे येताना लग्नपत्रिका, सर्टिफिकेट, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि मध्यस्थाला दिलेल्या पैशांची नोंद आणा, चिठ्ठीवरची असली तरी. आणि मुलीला आणा. पहिला अर्धा तास आम्ही तिच्याशीच बोलतो, आईवडील बाहेर ओसरीवर बसतात. चहा मिळतो.